जिल्ह्याची तब्येत खाटांवर मोजायची?

जिल्ह्याला वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. पेढे वाटले जातात, चौकात फ्लेक्स लागतो, श्रेय कोणाचे यावरून दोन पक्षांत जुंपते. पत्रकार परिषदेत तीन आकडे सांगितले जातात: इतक्या जागा, इतक्या खाटा, इतके कोटी. चौथा आकडा कोणी विचारत नाही. या जिल्ह्यात गेल्या वर्षी जन्मलेल्या हजार बाळांपैकी किती बाळे पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचली नाहीत? विचारलेच तर उत्तर मिळणे अवघड. केंद्राची नमुना नोंदणी पाहणी बालमृत्यूचा दर राज्याचा देते, जिल्ह्याचा देत नाही. तालुक्याच्या कागदावर दिसतात ते कोणीतरी कळवलेले मृत्यू; न कळवलेले कुठेच दिसत नाहीत. ज्याच्या तब्येतीसाठी शेकडो कोटी मंजूर झाले, त्या रोग्याची नाडी अजून कोणी धरलेलीच नाही.

या उत्साहामागे एक मत आहे. ते इतके रुळले आहे की ते मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, याचाच विसर पडला आहे. मत असे: जिल्ह्याचे आरोग्य म्हणजे जिल्ह्यातली वैद्यकीय सोय. सोय जितकी मोठी, जितकी वरच्या दर्जाची, तितका जिल्हा निरोगी. मला हे मत चुकीचे वाटते, आणि ते आपल्याला फार महाग पडले आहे असेही वाटते. पण ते मूर्खपणाचे नाही. ते मांडणाऱ्यांत शहाणी, कळवळ्याची माणसे आहेत. म्हणून त्यांचे म्हणणे आधी पुऱ्या ताकदीने मांडतो. कच्चा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात कसला पुरुषार्थ?

ते म्हणतात, माणूस मरतो तो शेवटच्या काही तासांत. बाई अडली, घोणस चावली, ट्रॅक्टर उलटला. त्या घडीला हवा असतो भूलतज्ज्ञ, हवी असते रक्ताची बाटली, हवे असते शस्त्रक्रियेचे टेबल. तिथे हात धुण्याचे व्याख्यान काय कामाचे? ते असेही म्हणतात की गावातल्या सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या खांद्याला औषधांची पिशवी अडकवायची आणि त्याला 'सामुदायिक आरोग्य' म्हणायचे, ही गरिबांची बोळवण आहे. मुंबईकराला हृदयरोगतज्ज्ञ आणि गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया आदिवासीला सेविका, हा कुठला न्याय? जामखेडच्या आरोळे आणि गडचिरोलीच्या बंग डॉक्टरांचे दाखले दिले की ते हसून उत्तर देतात: ती संतांची कामे. आरोळे आणि बंग शासन निर्णय काढून जन्माला घालता येत नाहीत, महाविद्यालय मात्र शासन निर्णयाने निघते. आणि शेवटी, जिल्ह्यात पैसा येऊ द्या, पैशामागे दवाखाने येतील, दवाखान्यांमागे आरोग्य.

यातला पहिला मुद्दा मी लगेच मान्य करतो. माझ्या सख्ख्या मामांच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी तो हाताळणारे कोणी नव्हते. पुढच्या शहराच्या वाटेवर, रुग्णवाहिकेत, माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा श्वास थांबला. तेव्हा मोठ्या रुग्णालयाची किंमत मला कोणी शिकवायची गरज नाही. मामांकडे मी पुन्हा येणार आहे. आधी साक्षी काढू.

पहिली साक्ष खरे तर पूर्वपक्षाच्या बाजूने उभी राहायला हवी होती. बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला, सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख होतो आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी तिथून आपले माणूस सुखरूप घरी आणले आहे. म्हणजे पूर्वपक्ष जो प्रयोग सुचवतो, तो महाराष्ट्रात होऊन गेला आहे. दोन पिढ्या चालला आहे. मग निकाल पाहायला हरकत नसावी.

2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली किती, याचा जिल्हावार तक्ता आहे. बीड: 807. राज्यात सर्वांत खाली. दहा वर्षे आधी तिथे हा आकडा 894 होता. त्याच तक्त्यात सर्वांत वर कोण? गडचिरोली, 961. मानव विकास निर्देशांकात तळाशी असलेला, निम्म्याहून अधिक भाग जंगलाखाली असलेला, 1982 मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला जिल्हा. तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी बसली ती 2024 मध्ये. आणि सुबत्तेचा मुद्दा ज्यांना फार प्रिय आहे त्यांच्यासाठी आणखी दोन आकडे, ऊस, दूध आणि सहकाराने न्हालेल्या जिल्ह्यांचे: कोल्हापूर 863, सांगली 867.

बीडमधल्या त्या मुली कुठे गेल्या? त्या कुपोषणाने गेल्या नाहीत, साथीने गेल्या नाहीत. त्या सोनोग्राफीच्या टेबलावर गेल्या. पैसा पोचला, यंत्र पोचले, ते चालवणारा शिकलेला माणूसही पोचला. पूर्वपक्षाच्या यादीतले सगळे काही पोचले.

इथे प्रतिवादी उठून म्हणेल, ही तुलनाच अन्यायाची आहे. गोंड-माडिया समाजात मुलगी ओझे मानली जात नाही, हुंड्याची टांगती तलवार नाही. गडचिरोलीचा आकडा चांगला आहे तो समाजामुळे, त्यात आरोग्यव्यवस्थेचे श्रेय काय? काहीच नाही. मान्य. मग जिल्ह्यातल्या मुली जगतात की नाही हे दवाखान्याच्या आधी समाजात ठरते, एवढे तुम्हीही मान्य केलेत. माझा खटला अर्धा तुम्हीच चालवलात.

उरलेला अर्धा मी चालवतो, आणि त्यासाठी पुन्हा बीडलाच येतो.

बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला उसाच्या फडावर 'कोयता' म्हणतात. मुकादम कोयत्याला उचल देतो आणि ती उचल फिटेपर्यंत कोयता राबतो. एखादा दिवस कामावर गेले नाही की 'खाडा' पडतो. मजुरी बुडते ती बुडते, वर दंड. दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत खाडा कापल्याचे मजूर सांगत आले आहेत. पाळीचे दिवस, अंगावरून पांढरे जाणे, पाठ धरणे, सगळ्याची किंमत खाड्यात होते. फडावर ना संडास, ना आडोसा, ना अंघोळीला पाणी. या हालातून जे आजार होतात ते घेऊन बाई खासगी दवाखान्यात जाते. आणि गर्भाची पिशवी काढून येते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका फडाशेजारी, कोपीत म्हणजे मजुरांच्या झोपडीत बसून, मी अशा एका बाईशी बोललो आहे. तिने पत्र्याच्या पेटीतून कापडदुकानाची प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत सोनोग्राफीचा कागद, त्यावर ते करडे धुरकट चित्र, खाली तीन ओळी इंग्रजी. तो कागद तिला वाचता येत नव्हता. पण तो तिने चार वर्षे जपून ठेवला होता. "पिशवीला सूज हाय, कॅन्सर होईल म्हणले," ती म्हणाली. वय तिशीच्या आसपास. आता कसे वाटते, असे विचारले तर आधी कंबर दाखवली, मग म्हणाली, "पर खाडा पडत न्हाई."

ही एकटीची गोष्ट असती तर मी ती साक्ष म्हणून काढली नसती. 2019 मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13 हजार 800 हून जास्त स्त्रियांचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशाच्या चौथ्या कुटुंब आरोग्य पाहणीत हेच प्रमाण 15 ते 49 वयाच्या स्त्रियांत सुमारे तीन टक्के होते. दोन्ही पाहण्यांतले वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, हे न्यायाधीशांच्या नजरेस मीच आणून देतो. हवी तेवढी सूट प्रतिवादीला द्यावी. सूट देऊनही जे उरते त्याला काय म्हणायचे? वैद्यकीय सोयीचा अभाव? या बायकांना शस्त्रक्रियेचे टेबल मिळाले, भूलतज्ज्ञ मिळाला, सर्जन मिळाला. मिळाले नाही ते फडावरचे पाणी, संडास, पाळीच्या दिवसांची सुट्टी आणि "बाई, याला गोळीने बरे वाटेल" असे सांगणारे विश्वासाचे माणूस. त्या वर्षी बीडच्या प्रशासनाने, गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली. जिल्ह्याच्या आरोग्यासाठी शस्त्रक्रिया रोखावी लागली. यापेक्षा स्पष्ट साक्ष कुठली काढू?

अंबाजोगाईच्या महाविद्यालयावर मी यातले काहीही ढकलत नाही. ते महाविद्यालय त्याच्या दारात येणाऱ्याला बरे करायला बांधलेले आहे आणि ते काम करते. अडचण त्या दाराचीच आहे. दवाखाना आलेल्याला ओळखतो. न आलेले त्याच्या लेखी नसतातच. 1989 मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी 'लॅन्सेट'मध्ये छापली तेव्हा जगाला धक्का बसला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता, एकीला सरासरी तीनहून अधिक. आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या? सुमारे आठ टक्के. कोणत्याही रुग्णालयाच्या रजिस्टरात या बायका नव्हत्या. रजिस्टर पाहिले असते तर गडचिरोलीत स्त्रीरोग नाहीत असाच निष्कर्ष निघाला असता.

'गरिबांची बोळवण' हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो न्यायाचा आहे. त्याला गहिवरून उत्तर देऊन चालायचे नाही.

ऐंशीच्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यांत लहान मुले न्यूमोनियाने पटापट दगावत. न्यूमोनिया ओळखायला डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतो, फोटो काढायला सांगतो. गावात दोन्ही नव्हते. पण बाळाच्या श्वासाचा वेग मोजला तरी बरेचसे निदान होते: दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंतचे पन्नास किंवा अधिक श्वास घेत असेल तर धोका. 1986 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुरू केलेल्या 'सर्च' संस्थेने हे काम गावच्या दायांना शिकवायचे ठरवले, तर पहिलाच अडथळा असा की त्यांना बाराच्या पुढे मोजता येईना. मग एक साधे उपकरण तयार झाले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ, आणि सोबत मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यासाठी, एक मोठ्या बाळासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. दहापर्यंत मोजता आले की पुरे. मला या देशात घडलेल्या वैद्यकीय उपकरणांत याच्याइतके देखणे दुसरे माहीत नाही. पण हे माझे प्रेम झाले. पुरावा पुढे आहे.

1990 मध्ये 'लॅन्सेट'ने निष्कर्ष छापले. अशी सेवा मिळालेल्या मुलांत न्यूमोनियाने दगावण्याचे प्रमाण 0.8 टक्के. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत 13.5 टक्के. नंतर संस्थेने नवजात बाळाकडे मोर्चा वळवला. 39 गावांत गावच्याच थोड्याफार शिकलेल्या बायका, आरोग्यदूत, बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करू लागल्या, त्याला ऊब द्यायला शिकवू लागल्या, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली की जेंटामायसिनचे इंजेक्शनही देऊ लागल्या. 47 गावे तुलनेला. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्यूत 62 टक्के घट झाली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी 16.6 टक्के मरत, आता 2.8 टक्के. एका बाळामागे खर्च सुमारे पाच डॉलर. हेही 'लॅन्सेट'मध्येच, 1999 साली.

आता सांगा, बोळवण कोणाची झाली? ज्या बाळाच्या झोपडीपर्यंत तराजू, ब्लँकेट आणि इंजेक्शन घेऊन गावची बाई तिसऱ्या दिवशी पोचली त्याची? की ज्याच्यासाठी तालुक्याच्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञाचे पद मंजूर होते, आणि रिकामे होते, त्याची? दुय्यम दर्जा माणसाच्या पदवीवर ठरवायचा की बाळ जगले यावर? आरोग्यदूताच्या हातची बाळे आधीपेक्षा जास्त जगली. हा दर्जा दुय्यम असेल तर अव्वल दर्जा कसा असतो ते मला दाखवा.

राहिला संतांचा मुद्दा. यात तथ्याचा अंश आहे, म्हणून तो टिकून आहे.

रजनीकांत आणि मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला आले तेव्हा त्यांना जागा मिळाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्यात. तेही वेल्लोरला शिकलेले डॉक्टर. त्यांचा आधीचा विचार गावोगाव प्रशिक्षित नर्स ठेवण्याचा होता. नर्स गावात टिकेनात, आणि गाव त्यांचे ऐकेना. मग एका सरपंचानेच सुचवले, बाहेरची बाई कशाला, आमच्यातलीच एक शिकवा. अशा निवडल्या गेलेल्यांत कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी दलित वस्तीतल्या होत्या. सोबत विहिरी-बोअरचे पाणी आले, शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे आली, 1972 च्या दुष्काळातली कामे आली. प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींनुसार 1971 मध्ये हजारी 176 असलेला अर्भकमृत्यू पाच वर्षांत 52 वर आला. स्वतःच्या नोंदी, हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. 2010 मध्ये बाहेरच्या संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत तपासून पाहिले, तर पहिल्या महिन्यानंतरच्या बालमृत्यूचा धोका तुलनेच्या गावांपेक्षा 30 टक्क्यांनी कमी निघाला. पहिल्या महिन्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. हे मी का सांगतो? कारण त्या पहिल्या महिन्याची चावी गडचिरोलीला सापडली होती. एका प्रयोगात जे राहून गेले ते दुसऱ्याने पुरे केले. चमत्कारात असे होत नाही, विद्येत होते. आणि विद्या दुसऱ्याला शिकवता येते.

ती शिकवलीही गेली. 2005 पासून गावोगाव आशा स्वयंसेविका नेमल्या जाऊ लागल्या. 2011 पासून नवजात बाळाच्या घरभेटी हे त्यांचे राष्ट्रीय काम झाले. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी सहा भेटी, घरी बाळंत झाली तर सात. शासन निर्णयाने बंग जन्माला घालता येत नाहीत, हे खरे. पण बंगांची पद्धत शासन निर्णयाने गावागावांत पोचली, हेही खरे. मग ती गडचिरोलीइतकी फळली का? नाही. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. या सगळ्या भेटी मिळून आशाताईला ठरवून दिलेला मोबदला 250 रुपये होता. 42 दिवस, सहा भेटी, 250 रुपये. वर तिच्याच गळ्यात पोलिओ, क्षयरोग, सर्वेक्षणे, आभा कार्ड. जो कार्यक्रम एवढ्या पैशांत चालवायचा त्याला अपयश आले की म्हणायचे, बघा, हे मॉडेल मोठ्या प्रमाणावर चालत नाही. मेडिकल कॉलेजच्या प्राध्यापकाला एका शस्त्रक्रियेमागे चाळीस रुपये द्या आणि मग ते मॉडेल किती चालते ते पाहू!

रायगडमधल्या मांडव्याची गोष्ट इथे सांगायला हवी. डॉ. नोशीर अंटिया हे जे.जे.चे नाणावलेले प्लास्टिक सर्जन. सत्तरच्या दशकात त्यांनी मांडवा परिसरात गावच्या बायकांना शिकवून असाच प्रयोग उभा केला. तो संताच्या अभावी बंद पडला नाही. तो स्थानिक हितसंबंधांच्या विरोधापुढे गुंडाळावा लागला. शिकलेली गावची बाई कोणाकोणाची दुकानदारी बसवते, याचा विचार पूर्वपक्षाने अवश्य करावा.

थोडे विषयांतर. अमेरिकेत 2010 पासून विस्कॉन्सिन विद्यापीठाने देशभरातल्या काउंट्यांची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची, आरोग्याच्या निकषांवर क्रमवारी लावायला सुरुवात केली. काउंटीच्या आरोग्याला घडवणाऱ्या घटकांना त्यांनी वजने दिली. शिक्षण, रोजगार, उत्पन्न, कुटुंबाचा आधार यांना 40 टक्के. तंबाखू, दारू, आहार अशा सवयींना 30. हवा, पाणी, घर यांना 10. आणि डॉक्टर-दवाखान्यांना? 20. ही वजने तज्ज्ञांनी ठरवलेली आहेत, आकाशातून पडलेली नाहीत. त्यांवर वाद घालता येतो. पण आरोग्यावर माणशी सर्वाधिक खर्च करणाऱ्या देशाने, ज्याच्याकडे रुग्णालयांची वाण नाही त्याने, रुग्णालयाला पाचवा हिस्सा दिला. आपण मात्र पेढे वाटताना सोळा आणे देतो.

आता मामा.

गडचिरोलीच्या 86 गावांत 2011 ते 2013 या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे 'सर्च'च्या संशोधकांनी शोधली. बालमृत्यू आणि मलेरियासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात पहिल्या क्रमांकावर निघाला पक्षाघात. 14.3 टक्के मृत्यू. त्यांतले बहुतेक घरीच झाले. इथे पूर्वपक्ष हर्षाने म्हणेल, पाहा, न्यूरोसर्जन हवा! हवाच. पण पक्षाघात हा वाढलेल्या रक्तदाबाचा शेवटचा अंक असतो. आधीचे अंक दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे घरात चालू असतात आणि त्यांत लागते ते दंडाला बांधायचे यंत्र, रोजची एक स्वस्त गोळी, आणि ती गोळी संपली तर पुन्हा आणून देणारे, न खाल्ली तर रागावणारे कोणीतरी. मामांच्या तेराव्याला आम्ही सगळे आठवत बसलो होतो की त्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला गेला. मामी म्हणाल्या, चष्म्याचा नंबर काढला तेव्हा. तो तर डोळ्यांचा डॉक्टर, असे कोणीतरी म्हणाले. मग सगळे गप्प झाले. माझे मामा न्यूरोसर्जन नसल्यामुळे गेले, असे मी काही वर्षे लोकांना सांगत असे. आता सांगत नाही.

याचा अर्थ महाविद्यालये बंद करा असा कोणी घेतला तर तो माझ्या युक्तिवादाशी अप्रामाणिक राहील. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागते आणि भामरागड जगापासून तुटते. त्या चार दिवसांत अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रिया लागली तर आरोग्यदूत ती करू शकत नाही. पण गडचिरोलीला नवे महाविद्यालय मिळाले म्हणून ती नदी ओलांडता येते का? तिथे उपयोगी पडले ते 'माहेरघर': दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन आरोग्यकेंद्राजवळच्या खोलीत राहायचे, सोबत घरचे माणूस, चुलीची सोय. ही कल्पना कुठल्याही विभागप्रमुखाच्या केबिनमधून निघणार नाही. नदी कुठल्या महिन्यात चढते आणि कोणत्या पाड्यावर कोणाला कितवा महिना आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती सुचते. रुग्णालय हा कळस आहे. कळसाला माझा नमस्कार. पाया न भरता कळस विकत घ्यायचा, आणि घेतला म्हणून मंदिर बांधून झाल्याचा नारळ फोडायचा, यालाच माझा विरोध आहे.

आणि एक प्रश्न, ज्याचे उत्तर माझ्याकडेही पुरे नाही. आपण 'जिल्हा निरोगी' म्हणतो तेव्हा कोणता जिल्हा? दसरा झाला की बीडमधून टोळ्या निघतात. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, म्हातारी माणसे, पोटुशा बायका. सहा-सहा महिने त्या सांगली-कोल्हापूरच्या फडांवर असतात, कर्नाटकातही जातात. गावच्या उपकेंद्राच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे एकच शब्द राहतो: स्थलांतरित. फडाच्या गावच्या आशाताईकडे तर त्यांचे नावच बहुधा नसते, कारण त्या तिच्या गावच्या नव्हेत. कोपीत बाळंत झालेल्या बाईच्या त्या सहा भेटी कोणत्या जिल्ह्याने द्यायच्या, एवढे पूर्वपक्षाने मला सांगावे. वैद्यकीय महाविद्यालये तर दोन्हीकडे आहेत.